वर गरम, खाली गार

त्यांच्यासमोर चहात साखर ढवळायची मला भीती वाटायची. हसू नका, खरंच सांगते. कॅन्टीनमध्ये ते बरोबर माझ्यासमोर येऊन बसायचे आणि माझ्या चमच्याकडे बघत राहायचे. मी दोनदा फिरवून चमचा बाहेर काढला की विचारायचे, "झालं?" मी म्हणायचे, झालं. "वरचं झालं. खालचं सांग." मग मी मुकाट्यानं पुन्हा चमचा घालायचे. तोवर चहा निवायचा आणि माझं डोकं तापायचं.

आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत डोळ्यांचे थेंब बनवणारा एक छोटा कारखाना आहे, मी अजून तिथेच आहे. सर तिथले प्रॉडक्शन हेड होते. डोळे कोरडे पडणाऱ्यांसाठी जे थेंब असतात ना, किंचित बुळबुळीत, ते आम्ही बनवतो. तो बुळबुळीतपणा एका पांढऱ्या पावडरीतून येतो. पॉलिमर असतं ते, पण कारखान्यात सगळे पावडरच म्हणतात. ही पावडर जगाच्या उलट चालते. साखर, मीठ, सोडा, सगळं गरम पाण्यात पटकन विरघळतं. ही गरम पाण्यात नुसती तरंगते आणि गार पाण्यात विरघळते. बरं, थेट गार पाण्यात टाकावी तर गाठी होतात. म्हणून आधी गरम पाण्यात भिजवायची आणि मग ढवळत ढवळत निवू द्यायची. निवत जाते तशी ती दाट होत जाते, आणि शेवटी काचेसारखी स्वच्छ खळ तयार होते.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते कळलं इंटरव्ह्यूच्या दिवशी. मी बी.एस्सी. झालेली, फाइल छातीशी धरून बसलेली. सरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. एका ग्लासात गार पाणी, दुसऱ्यात गरम, आणि कागदावर चमचाभर पावडर, एवढं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "विरघळव."

मी आपली पावडर गार पाण्यात ओतली. ढवळते तर काय, गाठीच गाठी. घाबरून वरून गरम पाणी ओतलं, तर त्या आणखी फुगल्या.

"साबुदाणा केलास," सर म्हणाले. "आता बस याच्यासमोर. गाठी सुटल्या की मला हाक मार."

मी बसले. जेवणाची सुट्टी झाली, शिफ्ट बदलली, बाहेरचे लोक आत आले, आतले घरी गेले. मी ढवळतेय. आमच्या कॉलनीत आई दारात उभी असणार, पोरीचं काय झालं म्हणून. शेवटी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, "सर, नाही सुटल्या."

"सुटणारही नाहीत आज. सोमवारपासून ये."

मला कळेचना. मी विचारलं, मग घेतलंत कशाला? तर म्हणाले, "बाकीचे सगळे म्हणाले, सुटल्या."

तर असा माणूस. उंच, हडकुळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कितीही थंडी पडो, स्वेटर नाही. लग्न केलं नव्हतं. इंदिरानगरला एका खोलीत एकटे राहायचे. गावाकडे, सायखेड्याला, बहीण होती, तिच्याकडे दिवाळीला जायचे आणि भाऊबीज झाली की लगेच पळून यायचे.

सकाळी गेटमधून आत आलो की ते हात पुढे करायचे. शेकहँड नव्हे हो, तपासणी. हात हातात घेऊन क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे. "ताप आहे तुला. टाकीजवळ यायचं नाही." आणि खरंच दुपारपर्यंत अंग भरून यायचं. आमचा ऑपरेटर रंगनाथ सायखेड्याच्याच बाजूचा. हिवाळ्यात नदीकाठचं धुकं अंगावर घेत मोटरसायकलवर यायचा, हात नुसते बर्फ. सर त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून उभे राहायचे, गरम होईस्तोवर. रंगनाथ लाजून चूर व्हायचा. "सर, सोडा ना, लोक बघतेत." सर म्हणायचे, "गारठलेल्या हाताला टाकी गरमच लागणार. मग तू मला खोटं सांगणार."

कारण त्यांचं सगळं काम हातावर चालायचं. टाकीला थर्मामीटर होता, चांगला महागाचा. त्यावर त्यांचा रागही नव्हता. "तो खोटं बोलत नाही," म्हणायचे, "पण जिथे बसवलाय तेवढंच बोलतो." शेवटच्या मिसळणीची आमची टाकी साधी, एकेरी पत्र्याची. सर तिला वरच्या अंगाला तळहात लावायचे, मग वाकून खालच्या अंगाला. दोन्हीकडे सारखं लागलं की मान हलवायचे. नाही लागलं तर कुणी काहीही म्हणो, बॅच पुढे जायची नाही. दाट खळीत पातळ पाणी घालायचं आणि एक गरम, एक गार असेल, तर ती दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पातळ गरम वर तरंगतं, दाट गार खाली बसून राहतं, आणि टाकीतला ढवळायचा पंखा नुसता वरच्या वर फिरतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणेन.

एकदा बुद्धपौर्णिमेला आईनं त्यांना घरी बोलावलं. खिरीची वाटी हातात घेतली, एक चमचा खाल्ला आणि आईला म्हणाले, "ताई, गरम दूध नंतर वाढवलंत. फ्रिजमधल्या खिरीत." पाहुणे वाढले होते म्हणून तिनं खरंच तसं केलं होतं. ते गेल्यावर म्हणाली, "बाई गं, याच्या हाताखाली तू दिवस कसे काढतेस?" मी म्हटलं, तेच मला कळत नाही.

राग यायचा मला त्यांचा, खूप. कुणावर विश्वासच नाही. टाकीचा पंखा चालू करायच्या पॅनेलला किल्ली होती, ती कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. ते बाथरूमला गेले तरी पंखा थांबलेला. आम्ही सगळे दात-ओठ खात उभे. सुपरवायझर यायचे आणि महिन्याभरात सोडून जायचे. एक तर जाताना मला म्हणाला, "मॅडम, हा माणूस मेल्याशिवाय इथे कुणाचं भलं होणार नाही." मी त्याला झापलं, पण मनात म्हटलं, अगदीच चूक नाही बोलला.

आमचे शेठ तरुण. वडिलांनंतर कारखाना त्यांच्याकडे आला. माणूस वाईट नव्हता, पण सरांच्या संथपणानं त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. त्यात एक मोठी ऑर्डर चालून आली. एका बड्या कंपनीला त्यांच्या नावानं थेंब बनवून हवे होते. त्यांचा माणूस येणार, टाकीत बॅच बघणार, आपल्यासमोर विक्रीच्या पहिल्या बाटल्या भरून घेणार आणि मगच होकार देणार. शेठनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी रिपोर्टवर सही घ्यायला तिथेच उभी होते. शेठ सरळच बोलले.

"सर, ही ऑर्डर आली तर तुम्ही आहात. गेली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

सर म्हणाले, "बरं."

बस, एवढंच. पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी माझ्या चमच्याकडे बघितलं नाही. मीच विषय काढला. म्हटलं, सर, सायखेड्याला बहीण आहे, शेती आहे, जा की आरामात, कशाला या कटकटी? तर माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, उठून जातात आता.

"तिथे मी काय करू?" म्हणाले. "बहीण म्हणते चहा घे, मेहुणे म्हणतात पडा जरा. माणूस किती पडेल? इथे सकाळी डोळे उघडले की टाकी आठवते, म्हणून उठतो. टाकी गेली तर उठायचं कशाला, ते सांग मला."

मी दोघांचे कप उचलून ठेवून आले.

पाहुणा यायचा तो दिवस ऐन थंडीचा. निफाडकडे दवाचं पाणी गोठलं म्हणून सकाळपासून मोबाइलवर फोटो फिरत होते. खळ आदल्या दिवशीच सरांनी स्वतः उभं राहून तयार केली होती. रात्रभर निवून ती इतकी सुरेख झाली होती की बघत राहावं. आता तिच्यात मिठाचं आणि थेंब टिकवणाऱ्या औषधाचं पातळ पाणी मिसळायचं होतं. सरांची रीत अशी की ते पाणीही खळीइतकंच गार करायचं आणि बारीक धारेनं सोडायचं. त्यात अर्धा दिवस जायचा.

शेठना अर्धा दिवस नको होता. पाहुण्याला संध्याकाळची गाडी होती. सकाळी सकाळी त्यांनी सरांना सांगितलं, "तुम्ही पाहुण्यांना हॉटेलवरून घ्या, मिसळ खाऊ घाला, निवांत घेऊन या. आणि ती किल्ली माझ्याकडे द्या. त्यांच्यासमोर खिशातून किल्ली काढलेली बरी दिसत नाही."

सरांनी खिशाला हात लावला. तो हात तिथेच थांबला. मग किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. इतक्या वर्षांत ती किल्ली मी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या हातात बघितली.

गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच शेठ टाकीच्या खोलीत आले.

"हे पाणी गरम करा."

मी म्हटलं, "शेठ, सर ते गारच घालतात."

"गरम लवकर मिसळतं, मॅडम. हे घरातलं लहान पोरही सांगेल."

"या पावडरीचं उलटं असतं, शेठ. सरांना येऊ द्या ना."

"कारखाना कुणाचा आहे?"

रंगनाथ माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "सर लय चिडतील, शेठ. आसं नाय करत ते." शेठनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. मी बाजूला जाऊन सरांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. जेवताना, खाताना ते फोन उचलायचे नाहीत, ही आणखी एक तऱ्हा. गरम पाणी टाकीत गेलं, एकदम, सगळं. शेठनी स्वतः किल्ली फिरवली.

वरच्या काचेतून बघितलं तर काय सुंदर दिसत होतं. स्वच्छ, चमकदार, गरगर फिरतंय. शेठचा चेहरा खुलला. "बघा. उगाच दिवस घालवतात." त्यांनी मला वरून नमुना काढायला लावला. मी तपासला. दाटपणा मर्यादेत बसत होता, अगदी काठावर, पण बसत होता. रिपोर्ट चांगला आला आणि मला तेच खटकलं. एवढ्या लवकर हे होतच नाही. मी टाकीजवळ गेले, वर हात लावला. गरम. खाली वाकले आणि हात लावला, तर चटका बसावा इतकं गार.

म्हणजे वरची थोडी खळ तेवढी मिसळली होती, खाली सरांची बाकी खळ जशीच्या तशी बसली होती. मध्ये गरम पाण्यानं तिच्यावर पांढुरकी साय धरली असणार, त्यामुळे तर आणखीच पक्कं. बाटल्या भरायची तोटी टाकीच्या बुडाला. पहिल्या सगळ्या बाटल्यांत बिनऔषधाची खळ जाणार. ती चार दिवसांत नासते, आणि कुणीतरी म्हातारी ती विश्वासानं डोळ्यांत घालणार. मी शेठकडे वळले आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणा शांत, मध्यमवयीन माणूस होता. कमी बोलणारा. त्यानं काचेतून बघितलं, माझा रिपोर्ट वाचला, मान डोलावली. शेठ त्याच्या शेजारी उभे राहून भराभरा बोलत होते. सर सगळ्यांच्या मागून आत आले. काचेकडे गेलेच नाहीत. सवयीनं वर हात लावला. मग वाकले आणि खाली लावला.

हात तिथेच राहिला.

वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी शेठकडे बघितलं. शेठ बोलता बोलता थांबले आणि त्यांनी सरांकडे असं बघितलं की मला सगळं कळलं, सरांनाही कळलं असणार. बोललात तर गेलात. सर सावकाश सरळ झाले, हात पुसला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी चालू होती. खोटं कशाला बोलू, मनातून मला वाटत होतं, गप्प बसा, सर. तुमची नोकरी राहू दे. आणि त्याच वेळी त्या बाटल्या डोळ्यांसमोर येत होत्या. रंगनाथनं तोटीवर हात ठेवला होता, शेठच्या खुणेची वाट बघत. शेठनी पाहुण्याला विचारलं, "मग, सुरू करायचं?"

पाहुण्यानं पेन काढलं. भरायची परवानगी म्हणून सही करायला कागद शोधता शोधता त्याची नजर भिंतीकडे गेली आणि तो सहज म्हणाला, "सर, तुमचं काय म्हणणं?"

पाहुणा वाट बघत राहिला. मग सर पुढे आले आणि म्हणाले, "हात द्या."

पाहुणा गोंधळला. सरांनी त्याचं मनगट धरलं, आम्हा सगळ्यांचं धरायचे तसंच, आणि त्याचा तळहात टाकीच्या वरच्या अंगाला टेकवला. मग त्याला वाकायला लावून खालच्या अंगाला टेकवला. इस्त्रीच्या कपड्यातला तो माणूस निमूटपणे वाकला.

"खाली गार आहे," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे?"

"म्हणजे आत दोन आहेत. एक झालेलं नाही."

शेठ उसनं हसले. "थोडं फिरवलं की होईल, साहेब."

"होईल," सर म्हणाले. "उद्या. आज नाही."

पाहुण्यानं पेनचं टोपण लावलं. सरांकडे, शेठकडे बघितलं, "कळवतो" म्हणाला आणि गेला. कंपनीनं काही कळवलं नाही. ऑर्डर गेली.

गाडी गेटबाहेर पडल्यावर शेठ परत आले. ओरडले नाहीत, तेच जास्त भयंकर होतं. "सर, उद्यापासून येऊ नका."

"उद्या यावं लागेल. बॅच आत आहे."

"आत्ता निघा."

सरांनी ॲप्रन काढला, घडी घातली आणि मला म्हणाले, "पंखा बंद कर. वरचं निवू दे आधी, घुसळायचं नाही. दोन्हीकडे सारखं लागलं की खालचं पंपानं वर आण. घाई करू नकोस." मग रंगनाथचा हात हातात घेतला, आणि गेले. रंगनाथ तिथेच खाली बसला, तोंडावर टॉवेल धरून.

मी त्यांनी सांगितलं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅच झाली. वरून, मधून, खालून नमुने काढले, सगळे सारखे. शेठनी रिपोर्ट बघितला आणि केबिनमध्ये निघून गेले. सरांना मात्र त्यांनी परत बोलावलं नाही, ते अगदी आजपर्यंत.

उन्हाळा लागल्यावर एका रविवारी मी सायखेड्याला गेले. सर ओसरीत खाटेवर पडले होते. मला बघून उठले, पण हात पुढे केला नाही. बहिणीनं चहा आणला. मी साखर ढवळली, त्यांनी बघितलंही नाही. मी कौतुकच करत सुटले. म्हटलं, सर, तुमच्यासारखी हिंमत कुणाची नाही, नोकरीवर पाणी सोडलंत पण खोटं बोलला नाहीत, कारखान्यात सगळे अजून तेच बोलतात.

"बोलू नकोस तसं," ते म्हणाले. "मी गप्प बसणार होतो."

मला वाटलं, मोठेपणा नको म्हणून म्हणताहेत. म्हटलं, दुसऱ्या दिवशी सुधारू असं वाटलं असेल तुम्हाला.

"दुसरा दिवस कुठे होता? तो रंगनाथ तोटी धरून उभा होता. बाटल्या तेव्हाच भरायच्या होत्या. माहीत होतं मला. कुठे जाणार तेही माहीत होतं. हात लावला तेव्हाच ठरवलं, बोलायचं नाही. भिंतीला टेकलो." त्यांनी चहाचा कप खाटेखाली सरकवला. "मग त्यानं विचारलं. सरळ माझ्याकडे बघून विचारलं. तेव्हा नाही सांगता आलं खोटं. नसतं विचारलं त्यानं, तर मी आज तिथेच असतो."

परतीच्या बसमध्ये मला इतका राग आला त्यांचा, की सांगता सोय नाही. देव्हाऱ्यात बसवलेला माणूस स्वतःच खाली उतरला होता. आणि नाशिक येईपर्यंत राग जाऊन भीतीच उरली. एका परक्या माणसाची नजर सहज भिंतीकडे गेली, म्हणून ते थेंब कुणाच्या डोळ्यांत गेले नाहीत. नसती गेली तर?

आता प्रॉडक्शन हेड मी आहे. बाटल्या भरायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाला मी नाव घेऊन विचारते. रंगनाथला, पॅकिंगच्या बायकांना, लादी पुसणाऱ्या मावशींनाही. तुमचं काय म्हणणं? मावशी म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं, मॅडम?" शेठ म्हणतात, मॅडमना सरांची हवा लागली. लागू दे. शेवटचं माणूस बोलेपर्यंत मी तोटी उघडू देत नाही.